लाल ज्वारी

खोली भाड्याने देताना त्यांनी एकच अट घातली. भिंतीवरच्या बाटल्या हलवायच्या नाहीत.

मी वर पाहिलं. दारापासून खिडकीपर्यंत चार फळ्या आणि फळ्यांवर दाटीने लावलेल्या काचेच्या बाटल्या. खोकल्याच्या औषधाच्या, सरबताच्या, मधूनच एखादी अत्तराची कुपी. सगळ्यांत माती. काळी, पिवळी, राखाडी, विटकरी, पांढऱ्या खड्यांची. प्रत्येक बाटलीवर कागद चिकटवलेला, त्यावर गावाचं नाव आणि पुढे किती फुटांवरची ते. भूगर्भशास्त्राची पदवी घेतली तरी मातीच्या पहाऱ्यात झोपायची वेळ माझ्यावर तोवर आली नव्हती.

"धूळ पुसली तर चालेल का?" मी विचारलं.

"फुकून काढजो," ते म्हणाले. "फडकं नाही लावायचं. कागदावरचं पुसून जाते."

मी पुण्याची. हे आधीच सांगून टाकते, कारण संग्रामपुरात ते मला कुणी विसरू दिलं नाही. भूजलाच्या सरकारी कार्यालयातली ती माझी पहिली नोकरी. गावांना पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घ्यायची असली की जागा दाखवायची, यंत्र आलं की शेजारी उभं राहून खालून येणाऱ्या मातीची नोंद करायची, असं काम. तेवीस वर्षांची मुलगी डोक्याला रुमाल बांधून चिखलात हात घालते याचं गावाला भारी नवल. भाड्याने खोली मिळेना. ज्यांनी दिली त्यांना सगळं गाव मिस्तरी म्हणायचं. मीही शेवटपर्यंत मिस्तरीच म्हणत आले, म्हणून इथेही तेच लिहिते.

सत्तरी ओलांडलेले, उंच, वाळके, कानाच्या पाळ्या लांब, धोतर नेहमी एका बाजूने जास्त वर खोचलेलं. धंदा बोअर खणण्याचा, पण माझ्या यंत्रासारखा नव्हे. त्यांच्याकडे लोखंडी तिपायी होती, दोर होता आणि दोराच्या टोकाला माणसाएवढी जड छिन्नी. छिन्नी वर उचलायची, सोडायची, उचलायची, सोडायची. दर थोड्या वेळाने बुडाला झडप असलेली लांबट बादली खाली टाकून फुटलेली माती वर काढायची. एका बोअरला महिना लागायचा. यंत्रं आली, एका दिवसात काम करू लागली, आणि मिस्तरींना कुणी बोलावेनासं झालं. तिपायी परसात उभी होती आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिच्यावर दोडक्याचा वेल चढवत.

त्या घरातलं जेवण हा एक वेगळाच विषय होता. संग्रामपूरच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा नदी. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीतलं पाणी गोडं, आणि पूर्णेकडे उतरत जावं तसं खारं होत जातं. त्यालाच इकडे खारपाणपट्टा म्हणतात. मिस्तरींची जीभ या नकाशावर चालायची. वरणाचा पहिला घास घेतला की ते निकाल देत, "आज अर्ध्या रस्त्यावर हाय." भाजीत मीठ जास्त पडलं की "पूर्णाकाठची झाली." सगळं जमून आलं, की "सातपुड्याचं." चाळीस वर्षांच्या संसारात काकूंना सातपुडा फार थोड्या वेळा गाठता आला होता. त्या माझ्याकडे बघून म्हणत, "माती खाऊन खाऊन याच्या जिभेचं काय झालं पाय. मी आपली बिचारी पानी घालतो."

माती खाऊन हे त्या थट्टेत म्हणत नसत. मिस्तरी खरोखर माती चाखायचे. चिमूटभर घेऊन जिभेच्या टोकाला लावायचे, डोळे मिटायचे, थुंकायचे आणि सांगायचे. मी आधी हसले. मग प्रयोगशाळेचे अहवाल यायला लागले आणि माझं हसू हळूहळू कमी झालं.

हे सगळं त्यांनी वडिलांकडून उचललं होतं, आणि वडिलांनी ब्रह्मदेशातून. गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे वडील शेगावहून रेल्वेत बसून कलकत्त्याला गेले, तिथून बोटीने रंगूनला, तिथून इरावती नदीवरच्या आगबोटीने तेलाच्या गावाला. पंधरा-सोळा वर्षं तेलविहिरींवर खलाशी, म्हणजे मजूर, म्हणून राबले. लाकडाचे उंच मनोरे, तंबाखू चघळणारे अमेरिकन कारागीर, भाताला येणारा घासलेटचा वास, हे सगळं मिस्तरी असं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, कालच परत आले. त्यांनी स्वतः ब्रह्मदेश सोडाच, नागपूरही एकदाच पाहिलं होतं. तेलविहीर तर कधीच नाही.

तिथल्या एका अमेरिकन कारागिराने वडिलांना एक शिकवलं होतं. यंत्र कितीही मोठं असो, एक हात सतत दोरावर ठेवायचा. छिन्नी खाली दगडावर बसली, वाळूत बसली की चिकण मातीत, ते दोर सांगतो. मिस्तरींनी ते इतकं अंगी बाणवलं होतं की दिसेल त्या दोराला त्यांचा हात जायचा. गप्पा मारताना अंगणातल्या वाळणाच्या दोरीला दोन बोटं लावून उभे. लग्नाला गेले की मांडवाचा दोर धरून सांगणार, "तिकडली खुंटी ढिली झाली." पाव्हण्यांच्या गायीचं दावं धरून तिची तब्येत सांगणार. एसटीत बसले की मात्र पंचाईत व्हायची. छताला घंटीची दोरी असते, तिच्याकडे यांचा हात आपोआप जायचा. घंटी वाजायची, गाडी थांबायची, उतरणारं कुणीच नसायचं. संग्रामपूरच्या वाहकांनी त्यांना पुढे, ड्रायव्हरमागच्या बाकावर बसवायचं ठरवलं होतं. तिथूनही त्यांचा हात पोचायचा.

दुसरी तऱ्हा डोळे बांधण्याची. जुन्या विहिरीत उतरून आतली कपार किंवा झरा बघायला त्यांना अजूनही बोलावणं यायचं. विहिरीच्या काठावर बसून ते आधी डोळ्यांना गमछा बांधत आणि पंधरा-वीस मिनिटं तसेच बसून राहत. येणारेजाणारे रामराम करत, हे बांधल्या डोळ्यांनी रामराम घेत. मला वाटलं, मंत्रबिंत्र म्हणतात. एकदा विचारलंच.

"तिकडं हातानं खनलेल्या तेलाच्या विहिरी होत्या," ते म्हणाले. "मानूस दोराले बांधून आत सोडत. आत वास. मिनिटभरात वर काढा लागे, नाही तं मेला. उन्हातून एकदम गेला तर अर्धा मिनिट काही दिसतच नाही. मंग काम कधी करीन तो? म्हनून आधी वरच डोये बांधून बसवत. आत गेल्या गेल्या दिसलं पायजे."

एवढी साधी गोष्ट. ब्रह्मदेशातल्या खणणाऱ्यांची युक्ती संग्रामपूरच्या विहिरीच्या काठावर येऊन बसली होती आणि लोक तिला वेड म्हणत होते. आज माझी निवृत्ती जवळ आली आहे, पण विहिरीत उतरायचं असलं की मी अजून आधी डोळ्यांवर ओढणी बांधून बसते. माझे कनिष्ठ सहकारी आपसात खुणा करतात. करू देत. आत गेल्या गेल्या मला दिसतं, त्यांना दिसत नाही.

आणखी एक सवय होती, तिचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता. दर वर्षी पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मिस्तरी सकाळच्या गाडीने पूर्णाकाठच्या एका गावाला जायचे, तिथल्या एका जुन्या हातपंपाचं पेलाभर पाणी प्यायचे आणि दुपारच्या गाडीने परत यायचे. पाणी कडूजहर खारं. काकू म्हणायच्या, "नवस असन. मले सांगत नाही."

चहाच्या टपरीवर लोक त्यांची फिरकी घेत. "मिस्तरी, पूर्णेच्या खाली तेल असन का हो? निघालं तं आमाले सांगा, वावरं इकत नाही मंग." मिस्तरींचं उत्तर ठरलेलं. "खाली काय हाय ते मले इचारू नको. वर काय आलं ते इचार." मला ते टाळाटाळ वाटायचं. भूगर्भशास्त्रज्ञाचं सगळं कामच खाली काय आहे ते सांगायचं, आणि हा माणूस म्हणतो विचारू नको.

त्या वाक्याची किंमत मला कळली ती त्यांच्या वडिलांच्या बाटलीमुळे. ती फळीवर नव्हती, देवघरात होती. लाखेने बंद केलेलं बूच, आत काळपट भुसभुशीत माती. तेलाच्या विहिरीतून वडिलांनी आणलेली. राहायला येऊन महिना झाल्यावर मिस्तरींनी ती काढली, बूच उघडलं आणि माझ्या नाकासमोर धरली.

"येते वास?"

मी श्वास ओढला. काहीच आलं नाही. पण म्हातारा इतक्या आशेने बघत होता, बाटली दोन्ही हातांत धरून, की मी म्हणाले, "हो, येतो. घासलेटसारखा. थोडासा."

त्यांनी बूच लावलं, बाटली जागेवर ठेवली आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"मलेबी येत नाही," ते शांतपणे म्हणाले. "वीस वर्सं झाले. तू काऊन खोटं बोलली वो?"

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, असं पुटपुटले.

"मातीचा हिशेब ज्याच्या हाती हाय त्यानं कोनाले वाईट वाटते हे पाहू नये," ते म्हणाले. "गावाले काय पायजे, साहेबाले काय पायजे, तुले काय पायजे, हे मातीले माहीत नसते."

काकूंनी आतून हाक मारली म्हणून मी सुटले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. मुलाखतीतसुद्धा मला कुणी इतकं उघडं पाडलं नव्हतं.

उन्हाळ्यात मला पहिली स्वतंत्र बोअर मिळाली. खारपाणपट्ट्याच्या कडेवरचं गाव. बायका तीन-चार किलोमीटरवरून पाणी आणत. आधीच्या दोन बोअर खाऱ्या लागल्या होत्या. सरपंच एक पन्नाशीच्या बाई होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला गावाबाहेरच्या विहिरीपर्यंत चालत नेलं आणि परत आणलं. परत आल्यावर मी घामाने भिजले होते. त्या म्हणाल्या, "हे रिकाम्या डोक्यानं झालं, मॅडम. वर हंडा नव्हता."

यंत्र कसं चालतं ते थोडक्यात सांगते, कारण माझी चूक तिथेच आहे. पोकळ पाइप फिरत फिरत खाली जातो. पाइपातून पातळ चिखल दाबाने खाली सोडतात. तो चिखल खालची कापलेली माती घेऊन पाइपाच्या बाहेरच्या बाजूने वर येतो. दर दहा फुटांना मी चाळणीत माती धरायची, धुवायची, खोक्यात ठेवायची आणि किती फुटांवरची ते लिहायची. मग गोड्या पाण्याची वाळू जिथे सापडली, नेमक्या तेवढ्या खोलीवर जाळीचा पाइप बसवायचा आणि बाकी सगळीकडे कोरा पाइप, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. एरवी भोकात विजेचं मापक सोडून खोलीची खात्री करतात, पण ते घेऊन येणारी गाडी बिघडली होती. सगळी भिस्त माझ्या वहीवर.

आणि बोअरने साथ दिली. खारी वाळू लागली, मग जाड चिकण माती, आणि खाली दोनशे नव्वद फुटांपासून स्वच्छ पिवळसर वाळू. पुढे पातळ चिकण माती आणि पुन्हा खारी. म्हणजे मधला पंचवीस फुटांचा थर गोडा. मी वहीत सुबक अक्षरात लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाइप उतरवायचा होता. माझे साहेब येणार होते, नारळ येणार होता.

संध्याकाळी मी मिरवतच घरी आले आणि वही मिस्तरींपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला. रकान्यावर अंगठा ठेवून हळूहळू खाली आले. दोनशे नव्वदवर अंगठा थांबला.

"या मातीले वर यायले किती टाइम लागला?"

"म्हणजे?"

"माह्या बादलीत येते ते बुडातलं असते. तुह्या चिखलात येते ते कधीचं?"

पाइप दोनशे नव्वदला असताना चाळणीत आलेली माती मी दोनशे नव्वदची म्हणून लिहिली होती. पण ती तीनशे फूट चढून यायला वेळ लागणार. तेवढ्या वेळात पाइप आणखी खाली गेलेला असणार. माती आधीच्या खोलीवरची होती आणि मी तिला नंतरची खोली दिली होती. किती फुटांचा फरक? ते मला माहीत नव्हतं. कॉलेजात हे शिकवलं होतं, परीक्षेत मी लिहिलंही होतं. उन्हात, धूळ खात, दहा-दहा फुटांना धावताना ते डोक्यातून पार निघून गेलं होतं. वहीप्रमाणे जाळी बसवली असती तर तिचं खालचं टोक थेट खाऱ्या वाळूत गेलं असतं.

मिस्तरी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, परसात गेले, दाराला लावून उरलेला लाल तेलरंगाचा डबा शोधून आणला आणि परातीत ओंजळभर ज्वारी घेऊन तिला रंग चोळायला बसले.

"हे काय करून राह्यले?" काकू म्हणाल्या. "खायची ज्वारी हाय ते."

"वाळू घालून राह्यलो," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्रावर लाल दाणे पसरले.

मला ते काय आहे हे कळलं. तिकडे तेलविहिरींवर फिरत्या पाइपची यंत्रं आली तेव्हा चिखलात धान्याचे दाणे टाकून, ते वर यायला किती मिनिटं लागतात ते मोजत. वडिलांची गोष्ट त्यांनी मला सांगितली होती, मी मान डोलावली होती.

माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहायला आजही जड जातं, पण लिहिते. मी विचार करत होते की कुणाला कळणार आहे? खारपाणपट्ट्यात बोअर खारी लागली तर कुणी नोंदवही मागत नाही. जमीनच तशी, म्हणतात. तिसरी खारी, एवढंच. उलट सकाळी तोंड उघडलं तर साहेब, यंत्रावरचे लोक, सरपंचबाई, सगळ्यांसमोर पुण्याची हुशार मुलगी पहिल्याच कामात चुकली हे उघडं होणार. नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

सकाळी माझ्या उंबऱ्यावर औषधाची एक रिकामी बाटली होती, लाल ज्वारीने भरलेली. मिस्तरी अंगणात वाळणाची दोरी धरून उभे होते.

"तुम्ही चला ना," मी म्हणाले.

"मी काऊन येऊ? बोअर तुही हाय."

गावात पोचले तर नारळ घेऊन माणसं जमलेलीच होती. यंत्राचे पाइप अजून भोकातच होते. मी साहेबांना बाजूला घेणार होते. पण सरपंचबाई समोरच उभ्या होत्या आणि त्या विहिरीची वाट आठवली. सगळ्यांदेखत म्हणाले, "माझ्या नोंदी चुकल्या आहेत. आज पाइप उतरवू नका. आधी मोजायला लागेल."

साहेबांचा चेहरा उतरला. मी बाटली उघडली, पंप क्षणभर थांबवायला लावून दाणे पाइपात ओतले आणि घड्याळ लावून चाळणीपाशी बसले. लोकांना ते कुंकू लावलेलं धान्य वाटलं. दोघा-तिघांनी हात जोडले, एका आजीने यंत्राला नमस्कार केला. मी कुणाला काही समजावलं नाही. डोळे चाळणीवरून हलवायची भीती वाटत होती. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. अठराव्या मिनिटाला राखाडी चिखलात पहिला लाल दाणा दिसला, मग चार, मग मूठभर.

हिशेब सोपा होता. दाणे खाली जायला लागलेली मिनिटं वजा केली आणि उरलेल्या वेळात यंत्र किती फूट खाली जातं ते पाहिलं. गोडी वाळू मी लिहिली होती त्याहून पंधरा फूट वर होती. वहीतला जुना आकडा मी खोडला नाही. मिस्तरींच्या बाटल्यांवरच्या कागदांवर पाहिलं होतं तसं केलं. एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी नवा आकडा. मग मात्र रडू फुटलं. सरपंचबाई जवळ आल्या.

"आता बराबर करून राह्यल्या ना, मॅडम?"

"हो."

"मंग रडून काऊन राह्यल्या? चाय घ्या."

साहेबांनी मेमो दिला, तो रास्तच होता. माझ्या कागदांत तो अजून आहे. जाळी नव्या आकड्यांवर बसली. वरून मातीचे गोळे टाकून खारा थर बंद केला. तिसऱ्या दिवशी दाबाच्या हवेने बोअर साफ करायला घेतली, तेव्हा गर्दीत मिस्तरी दिसले. न बोलावता, एसटीने, बहुतेक दोन-तीनदा घंटी वाजवून आले होते. आधी गढूळ पाणी उडालं, मग स्वच्छ आलं. सगळे थांबले, कारण आधीच्या दोन वेळा इथूनच निराशा झाली होती. मिस्तरींनी ओंजळ धरली. पहिला घोट तोंडात घोळवून थुंकला. दुसरा घोट गिळला. मग डोळे मिटले.

"सातपुड्याचं," ते म्हणाले.

त्या गावात हा शब्द कुणाला कळायचं कारण नव्हतं, पण माझा चेहरा बघून सगळ्यांना कळलं. सरपंचबाई बसून राहिल्या, तिथेच, ओल्या मातीत.

या सगळ्यासाठी मिस्तरींचे आभार मानायला मी गेले तेव्हा ते बाटल्यांवरची धूळ फुंकत होते. म्हणाले, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रिकामी राहजो. माह्यासंग यायचं हाय."

पूर्णाकाठच्या त्या गावात आम्ही उतरलो. हातपंप गंजलेला होता. त्यांनी मोठ्या कष्टाने पेलाभर पाणी काढलं, उभ्यानेच प्यायलं. दर वर्षी इथूनच ते परत फिरत. त्या दिवशी फिरले नाहीत. शेजारच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"मले ओळखलं?"

"हाव. दर सालचे खाऱ्या पान्याचे मिस्तरी," म्हातारी म्हणाली.

"हे बोअर म्याच केली होती. तुमी घरात नवी नवरी होत्या."

"माहीत हाय. शिरा केला होता म्या तुमच्यासाठी."

मिस्तरी खाली बसले. छिन्नीच्या वजनाने दोर लांबत जातो, ते म्हणाले. वडिलांनी सांगितलं होतं, रोज दोर मोजायचा. पोळा तोंडावर आला होता, घरी जायची ओढ होती. दोन दिवस दोर मोजला नाही. खोली चुकली, पाइप चुकीच्या जागी बसला, खारं पाणी आलं. कळलं होतं मले, ते म्हणाले, आणि म्या तुमच्या सासऱ्याले सांगितलं, जमीनच खारी, माह्या हातात काय हाय. त्यानं मानलं. वरून मले जेवू घातलं, धोतर देलं.

एवढं सगळं सांगताना त्यांनी मान वर केली नाही. मग माझ्याकडे बोट केलं. "हे पोरगी सगळ्या गावापुढं बोलली, म्हनून मले बोलता आलं. नाही तं तसाच मेलो असतो."

म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पंधरा वर्सं म्या पानी डोक्यावर आनलं, मिस्तरी," ती अखेर म्हणाली. "मंग नळ आला. आता मान वाकडी झाली ते झाली. ते काही सरळ होत नाही."

"नाही होत," मिस्तरी म्हणाले.

ती उठली, शेंगांची टोपली आत नेली. आम्हीही उठलो. पण ती दारातूनच म्हणाली, "जाता कुठी? बसा. जेवून जा दोघं."

काय वाढलं होतं ते मला नीट आठवतं. भाकर, शेंगदाण्याची चटणी आणि वरण. वरण खारट होतं, चांगलंच. मिस्तरींनी पहिला घास घेतला. मी वाट पाहिली. ते काहीच बोलले नाहीत आणि ताट स्वच्छ करून उठले.

मिस्तरी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. काकूही गेल्या. माझ्या कार्यालयाच्या कपाटात औषधाची ती बाटली आहे, तळाशी थोडी लाल ज्वारी उरलेली. नवीन मुलं कामावर आली की पहिल्या बोअरला मी ती त्यांच्या हातात देते. माझ्या त्या पहिल्या बोअरचं पाणी अजून गोडं आहे. नोकरीत पुढे लोकांनी मला जे काही नाव दिलं, त्यात माझं स्वतःचं किती आणि त्या घरातलं किती, हे मला पक्कं माहीत आहे. त्या म्हाताऱ्याने मला चुकायला नव्हे, चुकल्यावर उभं राहायला शिकवलं, आणि ते शिकवताना स्वतःचं झाकलेलं उघडं करून दाखवलं. एवढं माझ्यासाठी दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

पण मला नेहमी आठवते ती त्या दुपारची परतीची गाडी. वाहकाने त्यांना ड्रायव्हरमागच्या बाकावर बसवलं आणि सवयीने छताकडे लक्ष ठेवून उभा राहिला. घंटीची दोरी मिस्तरींच्या डोक्यावर हलत होती. त्यांनी एकदा वर पाहिलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले. संग्रामपूर येईपर्यंत गाडी एकदाही मध्येच थांबली नाही.

"आज बाबाची तब्येत बरी नाही का, मॅडम?" वाहकाने मला हळूच विचारलं.

"बरी आहे," मी म्हणाले.